एकादशी पंढरीची, दहावी कडेगावची

सोमवार, १५ जुलै २०२४. पुणे ते वाखरी

स्वारगेटला कंडक्टरने आत्याचं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट तिच्या हातात दिलं. पंचाहत्तरी ओलांडली की एसटी फुकट, आणि मला बाई म्हणून अर्धं. "म्हणजे दोघी मिळून अर्ध्या माणसाच्या पैशात निघालो," असं म्हणत आत्याने खिडकी पकडली.

बेतावरून घरात महिनाभर कुरबुर चालली होती. यंदा आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस दोन्ही १७ जुलैला. आत्याला पंढरी हवी होती, मला सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत बघायचे होते. एकटीला कुणी सोडेना, तिला आणि मलाही. शेवटी ठरलं की दशमी पंढरपुरात, एकादशीची पहाट चंद्रभागेत आणि मग तडक कडेगाव. "आषाढीला पंढरपुरातून उलटं कोण निघतं?" हे वाक्य मी पुण्यापासून इंदापूरपर्यंत चार वेळा ऐकलं.

रस्ते अडवलेले, त्यामुळे गाडी कुठून कुठे फिरली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाखरीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पंढरीच्या अलीकडचा हा शेवटचा मुक्काम. आळंदीहून माउली, देहूहून तुकोबा आणि इतर संतांच्या पालख्या इथे एकत्र येतात. बाजीरावाच्या विहिरीजवळचं रिंगण आम्हाला सापडलं नाही; धूळ आणि माणसांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. पण रिंगणात घोडा धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला बायका धावतात, त्यातल्या एकीने मूठभर माती पदराच्या टोकाला बांधून आणली होती. तिने चिमूटभर आत्याला दिली. आत्याचा दिवस तिथेच सार्थकी लागला.

मंगळवार, १६ जुलै. पंढरपूर, दशमी

मुक्काम एका मठाच्या ओसरीवर. शेजारी देहूकडची दिंडी. दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली, म्हणजे आत्याला पायावर डोकं ठेवायला मिळणं शक्यच नव्हतं. तिने वाद घातला नाही. लांबून कळसाला हात जोडले आणि म्हणाली, "कळस दिसला म्हणजे भेट झाली. बाकीचं तरण्यांनी करायचं."

नामदेव पायरीपाशी मात्र ती रेटून पुढे गेली. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरी मागून घेतली, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही, म्हणून दाराबाहेर. दर्शनाला आलेले बरेच लोक घाईत चोखोबांना वळसा घालून जातात. आत्या थांबली. तिच्या सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं की हे दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस अन्न सोडलं होतं. उपोषण झालं तो तनपुरे महाराजांचा मठ तिला बघायचा होता, पण त्या गर्दीत तिला तिथवर नेण्याची हिंमत मला झाली नाही. याचा राग तिने संध्याकाळपर्यंत धरला.

रात्री ओसरीवर देहूच्या दिंडीतले एक आजोबा पाय चोळत बसले होते. आम्ही उद्या मोहरमला जाणार म्हटल्यावर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, "आमची पालखी देहूतून निघते ना, पहिली अभंग-आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथं तुकोबा थांबतात, मग तुम्ही का नाही जायचं?" मग स्वतःशीच श्रीगोंद्याच्या मुसलमान संतकवी शेख महंमदांचं नाव घेऊन झोपी गेले.

भिंतीवर कॅलेंडर होतं. सतरा तारखेच्या लाल चौकोनात दोन सण दाटीवाटीने छापलेले. आत्याने विचारलं, "हे एकाच दिवशी येतं कसं गं?"

मला हा प्रश्न फार आवडतो, त्यामुळे मी जरा लांबले. आपला आषाढ अमावास्येनंतर सुरू होतो. त्यांचा मोहरम अमावास्येनंतरची कोर डोळ्यांना दिसली की सुरू होतो. म्हणून त्यांची तारीख आपल्या तिथीच्या एखादा दिवस मागे असते, आणि त्यांची दहावी आपल्या एकादशीला येऊन भेटते. चंद्राची बारा महिन्यांची फेरी ३५४ दिवसांची, उन्हाच्या वर्षापेक्षा अकरा दिवस तोकडी. मुसलमान तो फरक तसाच सोडून देतात, म्हणून त्यांचे सण सगळ्या ऋतूंतून फिरतात. आपण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना टाकून गाडी पावसाळ्यात परत ओढतो. मागे २०२२ आणि २०२३ मध्ये आषाढीला बकरी ईद होती, कारण तीही तिकडच्या महिन्याची दहावीच. गेल्या वर्षी अधिक श्रावण आला, आपण एक घर पुढे सरकलो, आणि समोर मोहरम उभा. पुढच्या वर्षी ६ जुलैलाही हाच योग आहे. मग पुन्हा अधिक महिना, आणि ताटातूट तीसेक वर्षांची.

"म्हणजे अधिक महिना नसता तर दिवाळी उन्हाळ्यात आली असती?"

"आली असती."

"मग फराळ कोण करत बसलं असतं त्या घामात," असं म्हणून तिने कूस बदलली. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला. "तुझ्या बापाला फकीर केलं होतं, माहितीये का?"

मला माहीत नव्हतं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, सत्यनारायणालाही टाळाटाळ करणारे गृहस्थ.

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. बाबा चार वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला होता. आजीने गावातल्या पंजाला, म्हणजे मोहरमात बसवतात त्या हाताच्या आकाराच्या निशाणाला, नवस बोललं, 'पोर वाचलं तर पाच वर्षं फकीर करीन.' पोर वाचलं. मग मोहरम आला की बाबांना हिरवा सदरा, गळ्यात रंगीत दोरे, हातात झोळी. पाच घरं मागून आणायचं आणि ते पंजापुढे ठेवायचं. गावातली निम्मी पोरं अशी फकीर असायची, मराठ्यांची, धनगरांची, सुताराची. "चार वर्षं झाली," आत्या म्हणाली. "पाचव्या वर्षी आपण पुण्याला आलो. एक राह्यलं."

तेव्हा मला कळलं की महिनाभर कुरकुर करत ही बाई माझ्यासोबत यायला तयार कशी झाली.

बुधवार, १७ जुलै. एकादशी

पहाटे अडीचला वाळवंटात. वर देवळात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा चाललेली असणार, तिकडचा काहीच आवाज इथे नाही. इथे फक्त पाणी, टाळ आणि हरवलेल्या माणसांची नावं पुकारणारा भोंगा. आत्याने तीन बुड्या मारल्या, माझ्या अंगावर ओंजळभर उडवलं आणि म्हणाली, "चल. पांडुरंगाला सांगितलंय."

गावाबाहेरच्या तात्पुरत्या स्टँडपर्यंतची चाल ती या प्रवासातली माझी वारी. सगळी दुनिया आत येतेय आणि आम्ही दोघी बाहेर. "माउली, देऊळ तिकडं," असं किमान वीस जणांनी सांगितलं. महूद, दिघंची, आटपाडी, विटा. दिघंचीपुढचं माळरान उजाडताना पाहिलं. पाऊस तिथेही भुरभुरत होता, पण मेंढरांच्या पाठी ओल्या होण्यापुरताच.

विट्याहून कडेगाव जवळच. बाबांचे एक शाळासोबती तिथे शिलाईचं दुकान चालवतात, त्यांच्याकडे उतरलो. आणि इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझी चूक झाली. मी दारातच "मोहरमच्या शुभेच्छा" म्हणाले. काका हसले, पण भाभींनी हळूच हात धरून आत नेत सांगितलं, "शुभेच्छा नसतात याच्या. हे दुखवट्याचे दिवस." करबल्याच्या मैदानावर इसवी सन ६८० मध्ये, मोहरमच्या दहाव्या दिवशी, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांची मूठभर माणसं तहानलेली मारली गेली. तो हा दिवस. गावात ढोल वाजतात, रंगीत कागद चमकतात, पोरं पिपाण्या फुंकतात, म्हणून आपण त्याला जत्रा समजतो. वाटेत जागोजागी सरबत वाटतात ते त्या तहानेपायी, हे मला या वयात कळलं.

भाभींनी आत्यासाठी शाबूची खिचडी करून ठेवली होती. सात माणसांच्या घरात, आजच्या गडबडीत, वेगळं पातेलं, वेगळा झारा. फक्त फोडणीत चिमूटभर हळद पडली होती. आमच्याकडे उपासाला हळद चालत नाही. मी आत्याकडे पाहिलं. हीच बाई भगरीत जिरं पडलं म्हणून ताट सरकवते. तिने पिवळ्या खिचडीकडे पाहिलं, घास घेतला आणि मला दटावलं, "बघतेस काय? हळद खंडोबाची. चालते." हे शास्त्र मी आजवर ऐकलेलं नाही.

आता ताबूत. फोटोंतून अंदाज येत नाही. बांबूच्या कामट्या, सुतळी, चिकणमाती, रंगीत कागद. अष्टकोनी, मजल्यावर मजले, आणि उंची शंभर फुटांच्याही वर. गावातल्या दुमजली घरांच्या मागून त्याचा शेंडा दिसतो तेव्हा आधी वाटतं की टॉवर आहे, मग तो टॉवर डुलायला लागतो. काम बकरी ईदपासून चालतं. आणि बांधायची तऱ्हा उफराटी! सगळ्यांत वरचा मजला आधी बांधायचा, तो उचलायचा, त्याच्याखाली दुसरा सारायचा, ते दोन उचलून तिसरा. आधी कळस, मग पाया. काकांनी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "आमच्याकडं ज्ञानोबांनी पाया घातला, तुकोबा कळस व्हायला मधे तीनशे वर्षं गेली. तुमच्याकडं तुकोबा आधी."

गावातले ताबूत एकट्या मुसलमानांचे नाहीत. जवळजवळ निम्मे हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत, आणि ही रीत इथल्या एका देशपांड्यांनी दीडशे वर्षांमागे घालून दिली असं गावात सांगतात. कुणाचा ताबूत आधी उचलायचा, कुणी कुणाला न्यायला जायचं, मानाची पानं कुणाकडून यायची, हे सगळं ठरलेलं. काकांचं म्हणणं, "लग्नात जेवढे रुसवेफुगवे तेवढे इथं. पण मोडत नाही कुणी." गावपण टिकतं ते गळ्यात गळे घालून नव्हे, तर मानपान काटेकोर पाळून, असं माझंही मत होत चाललंय.

दुपारी भेटी. मैदानाकडे एकेक ताबूत निघाला. खाली बांबूंना खांदा दिलेली शेकडो माणसं, पाऊस थांबलेला, चिखल मात्र घोट्यापर्यंत. छपरांवर, झाडांवर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर माणसं. शंभर फुटांचं ते कागदी धूड वाऱ्याने कलतं तेव्हा सगळ्या गावाचा श्वास एकदम आत जातो. कुणीतरी ओरडतं, खांदे सरकतात, ताबूत सरळ होतो. मग दोन ताबूत एकमेकांसमोर येतात. थांबतात. आणखी जवळ येतात. कागदाला कागद लागतो न लागतो इतकंच. माझ्या शेजारची नऊवारीतली बाई पदराने डोळे पुसत होती. करबलची गाणी म्हणणाऱ्यांत गळ्यात माळ घातलेला माणूस होता. एकादशीचा बुक्का त्याच्या कपाळावर तसाच.

सबिलीवर, म्हणजे सरबत वाटतात तिथे, आत्याने चौकशी केली, "यात काय काय आहे?" साखर, बडीशेप, खसखस. "बडीशेप उपासाला नाही चालत." हळद चालते, बडीशेप नाही. वाटणारा पोरगा दहावीतला असेल. तो म्हणाला, "आज्जी, थांबा," आणि पळत जाऊन कुठूनतरी लिंबू-साखरेचं पाणी घेऊन आला.

संध्याकाळी ती एकटी काकांबरोबर पंजापाशी गेली. मी दाराशी उभी होते. नारळ दिला, काहीतरी पुटपुटली. येताना म्हणाली, "आपल्या गावचा नाही पंजा, पण यांचं यांचं आतून एकच असेल."

गुरुवार, १८ जुलै. द्वादशी, कडेगाव ते मिरज

काल भाभींनी चोंगे हातावर ठेवले होते. गुळाच्या पाण्यात मळलेली कणीक, नक्षीच्या पाटावर दाबून तळलेली. कणीक एकादशीला कशी खायची? आत्याने ते पंढरपूरच्या बत्ताशांच्या डब्यात ठेवून दिले. आज सकाळी बारस सोडायची वेळ झाली. तिने अंघोळ केली, डब्यातून चोंगा काढला, माळेबरोबर आणलेलं चंद्रभागेकाठचं तुळशीचं पान त्याच्यावर ठेवलं, आणि खाल्ला. भाभी चहा गाळता गाळता बघत होत्या. कुणी काही बोललं नाही. आत्याने एवढंच विचारलं, "गूळ कुठला? कराडचा का?"

दुपारच्या गाडीने मिरज. वाटभर झोप.

शुक्रवार, १९ जुलै. मिरज

आराम. तरी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात जाऊन आलो. उरूस आता नाही, त्यामुळे आवार पावसाने निवांत भिजत पडलेलं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले ते इथेच विसावलेत, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. त्याच उरुसाचा पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. पुन्हा मानपान! सतारमेकर गल्लीत एका दुकानात भोपळे टांगलेले होते. पूर्वी तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांची ही पुढची पिढी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याने तंबोऱ्याच्या तारेवर बोट फिरवून पाहिलं आणि किंमत ऐकून बोट मागे घेतलं.

शनिवार, २० जुलै. बाहुबली

मिरजेहून रेल्वेने हातकणंगले, तिथून वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपने, कुंभोजजवळचं बाहुबली. पाऊस असा की डोंगरावरची अठ्ठावीस फुटांची बाहुबलीची मूर्ती ढगात कमरेपर्यंतच दिसत होती. या भागातले जैन म्हणजे व्यापारी असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. इथे ते ऊस लावणारे, म्हशी पाळणारे शेतकरी. बोली आपल्याच शेजाऱ्याची.

आज आषाढ शुद्ध चतुर्दशी, दिगंबर मुनींच्या वर्षायोगाचा पहिला दिवस. जवळच्या एका गावात एका मुनींचा चातुर्मास ठरला होता, त्याच्या कलश-स्थापनेला वडापमधल्या बायका चालल्या होत्या. त्यांच्यामागोमाग आम्हीही गेलो. मांडवात गुडघाभर पाणी, खुर्च्यांवर उभी माणसं. मुनी पाटावर बसलेले, बाजूला मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, याखेरीज काही नाही. आठ महिने पायी हिंडणाऱ्या या माणसाने आज या गावाच्या वेशीत स्वतःला बांधून घेतलं. पावसात जमिनीतून किडामुंगी वर येते, चालणाऱ्याच्या पायाखाली मरते, म्हणून चार महिने चालायचं नाही.

आत्याने शेजारणीला विचारलं, "मग आमचे वारकरी तेवढ्यात पोचतात ते बरंच की." शेजारीण म्हणाली, "तुमचा देवही झोपतोच ना आता चार महिने? कार्तिकीला उठतोय."

तिथल्या जेवणात कांदा, लसूण, बटाटा काही नव्हतं. आमटी अप्रतिम होती. मी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा घेणार होते, पण सूर्यास्ताच्या आत पंगत उठवायची होती.

रविवार, २१ जुलै. सांगली ते पुणे

आषाढी पौर्णिमा. नरसोबाच्या वाडीला जायचं आत्याच्या मनात होतं, गुरुपौर्णिमेचं. पण नदीचं पाणी चढत होतं, आणि मी नाही म्हटलं. तिने दुसऱ्यांदा राग धरला.

सांगलीत माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर आहे. तिच्या वस्तीतल्या विहारात आज वर्षावास सुरू व्हायचा होता. सारनाथला बुद्धांनी पहिला उपदेश केला तो याच पौर्णिमेला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील. मग कार्यकर्त्यांनी तीन महिन्यांचा बेत सांगितला. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन. कोणत्या दिवशी कोण वाचणार, त्याची यादी फळ्यावर. पहिलं नाव नववीतल्या मुलीचं होतं आणि ती कोपऱ्यात तोंडातल्या तोंडात सराव करत होती. एका गृहस्थांनी समजावलं, पूर्वी भिक्खू पावसातही हिंडायचे, तेव्हा लोकांनीच तक्रार केली की यांच्या पायाखाली कोवळं पीक आणि बारके जीव तुडवले जातात. मग बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला.

"कालच्या महाराजांचंच हे," आत्या मला कोपराने ढोसत म्हणाली. ढोसताना खिरीचा द्रोण माझ्या ओढणीवर सांडला.

दुपारच्या पुण्याच्या गाडीत पुन्हा आधार कार्ड, पुन्हा शून्य रुपये. पेठ नाक्याच्या अलीकडे बाबांचा फोन आला. आत्याने तो माझ्या हातातून घेतला आणि आख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुझं राह्यलेलं एक वर्ष फेडून आले बरं का. कडेगावात. नारळ दिला."

पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले. आत्याचा चेहरा बदलला.

"पाच कसली? चार! पाचव्या वर्षी आपण पुण्यात होतो."

पुन्हा पलीकडून बरंच काही.

"रडला होतास ते चौथ्या वर्षी. सदरा आखूड झाला म्हणून."

तिने फोन कानापासून लांब धरला आणि मला म्हणाली, "म्हणतोय पाच पूर्ण झाली होती, मला पक्कं आठवतंय. चार वर्षांचं पोर ते, त्याला काय आठवणार?" आणि परत फोनमध्ये, "बरं, मग सहावं धर. सदऱ्याचा रंग कुठला होता ते सांग बघू?"

कराडपर्यंत सदऱ्याचा रंग ठरला नाही.